टाच टेकवून मारलेला पट्टा

भिंत संपते आणि छत सुरू होतं, त्या कडेला दोन बोटं रुंद गडद पट्टा नुसत्या हाताने मारायचा, हे मास्तरांचं काम. चिकटपट्टी नाही, दोरी नाही, पेन्सिलीची खूण नाही. मास्तर हे नाव शाळेतलं नव्हे. शाळेत ते सातवीपर्यंत गेले आणि तिथल्या मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण एकतीस वर्षं त्यांचा पट्टा इतका सरळ येत गेला की बरोबरचे रंगारी त्यांना मास्तर म्हणू लागले, आणि हळूहळू बायकोसुद्धा. ती मात्र हा शब्द रागात असली की वापरायची.

पट्टा मारताना इतर रंगारी आठ पायऱ्यांची घोडी घेत. घोडी म्हणजे मध्ये उघडणारी दोन बाजूंची शिडी. मास्तर सहा पायऱ्यांची घेत, चवड्यांवर उभे राहत आणि हात ताणून छताच्या कडेला ब्रश भिडवत. छोटी घोडी पटकन सरकवता येते हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं. मोठी घोडी नवशिक्यांची, हा त्यांचा तोरा होता. दिवसातले सहा तास टाचा हवेत. एकतीस वर्षं.

गेल्या वर्षापासून सकाळी पलंगावरून उतरलं की बोटांच्या मागे तळपाय जळायला लागला. संध्याकाळी पोटऱ्या लाकडासारख्या कडक. मास्तरांनी त्याकडे सरळ कानाडोळा केला. मग वर उभं असताना घोडी हलायला लागली. त्यांनी आधी घोडीला दोष दिला, मग फरशीला, आणि एकदा तर इमारतच खचत असल्याचं त्यांनी मालकाला सुनावलं. शेवटी एका दवाखान्यात काम चालू असताना तोल गेला. मास्तर खिडकीच्या कठड्याला धरून वाचले, पण पट्ट्याच्या रंगाचा डबा खाली आला आणि प्रतीक्षा-खोलीतल्या सगळ्या खुर्च्या तपकिरी झाल्या. घोडी तपासली. तिचे चारही पाय ठणठणीत होते.

कामाचं कंत्राट ताईकडे होतं. तिचे वडील आधीचे कंत्राटदार. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून मास्तरांनी तिला पाहिलेलं. आता तीच त्यांना काम सांगायची, आणि सांगताना मुळीच आढेवेढे घ्यायची नाही.

"काका, दीड महिन्याने वाचनालयाचा मोठा हॉल सुरू होतोय. तोपर्यंत तुम्ही खाली. पुट्टी आणि पॉलिश पेपर."

"मी? पॉलिश पेपर?"

"तुम्ही. हॉलच्या दिवशी मी स्वतः घोडी धरून उभी राहीन. पाय स्थिर राहिले तर पट्टा तुमचा. हलले, तर चिकटपट्टी लावून दुसरे मारतील आणि तुम्ही कायमचे खाली."

"कायमचा? अगं, तुझ्या बापाने मला असं कधी..."

"बाबांनी तुम्हाला पडताना पाहिलं नव्हतं. मला तुमचा पट्टा हवाय काका, पण त्याहून तुमची हाडं जास्त हवी आहेत."

मास्तर घरी येऊन भिंतींशी बोलले. बायको शिलाई मशीनवर होती. तिने दोरा तोडला, सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना धरून फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी तिचा खांदा बरा केला होता, त्यामुळे बायकोच्या लेखी त्या बाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

बाई वयाने लहान, हातात मोठं घड्याळ. त्यांनी मास्तरांना एका पायावर उभं राहायला सांगितलं. मास्तर हसले. सातव्या सेकंदाला दुसरा पाय खाली आला.

"मी जन्मभर चवड्यांवर उभा राहिलोय. आणि सात सेकंद?"

"म्हणूनच सात सेकंद," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी तळपाय ओले करून फरशीवर उभं केलं आणि बाजूला व्हायला सांगितलं. मास्तरांनी वाकून ठसा पाहिला. चवडा आणि बोटं ठसठशीत, टाचेच्या जागी मात्र पुसट डाग. बाईंनी समजावलं: पोटरी वर्षानुवर्षं आखडून राहिली, ती टाचेला वर ओढते; सगळा भार पुढे येतो, म्हणून तिथे जळतं; आणि माणूस अर्ध्या पावलावर उभा राहिला की जरा धक्का लागला तरी सावरायला जागाच उरत नाही. रंगाऱ्याला ठसा दाखवला की जास्त सांगावं लागत नाही. कुठे रंग बसला, कुठे सुटला, हे तर ते आयुष्यभर बघत आलेले.

उपाय साधा होता. भिंतीला दोन्ही हात टेकवायचे, एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, आणि पोटरीला ताण बसेल इतकंच पुढे झुकायचं. तीस सेकंद. प्रत्येक पायाला तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. बाई आणखीही काही सांगत होत्या, पण तेवढ्यात मास्तरांची नजर वर गेली. दवाखान्याच्या कोपऱ्यात पट्टा वाकडा होता. चांगला अर्ध्या बोटाने. कुणी मारला असेल, ह्या विचारात बाईंचं शेवटचं वाक्य हवेत विरून गेलं.

घरी व्यायाम सुरू झाला. तीस सेकंद बायको मोजायची. तिचा मूड चांगला असला तर तीस सेकंद पंचविसात संपत. नसला तर "अठ्ठावीस" म्हटल्यावर ती मध्येच शेजारणीशी बोलून घ्यायची आणि मग "एकोणतीस" म्हणायची. दर रविवारी मास्तर उरलेला तपकिरी रंग पाण्यात पातळ करून त्यात तळपाय बुडवत आणि जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर उभे राहत. ठसे न्हाणीघराच्या दाराला टांगलेले.

"लोकांच्या घरात नातवंडांची चित्रं असतात," बायको म्हणाली. "आमच्याकडे ह्यांचे तळपाय!"

पण तिसऱ्या रविवारी टाचेच्या जागी गोल आला, आणि तो तिनेच आधी पाहिला. पाचव्या रविवारी टाच जवळजवळ चवड्याइतकीच भरलेली होती. सकाळचं जळणं कमी झालं. एका पायावर मास्तर चाळीस सेकंद उभे राहू लागले, तेही दात घासत. दिवसभर खाली बसून पॉलिश पेपर मारायचा, भिंतीची धूळ नाकातोंडात घ्यायची आणि वरच्यांचे पट्टे बघून दात-ओठ खायचे, एवढंच सोसायचं बाकी होतं. त्यांनी ते सोसलं. वर जायचं होतं ना.

हॉलच्या दिवशी मास्तर सगळ्यांच्या आधी हजर. आणि इथे त्यांनी घोळ घातला. रंगाऱ्याला एक गोष्ट हाडात भिनलेली असते: नवा ब्रश कामाआधी भिजवायचा, आणि जितका जास्त भिजेल तितका मऊ चालतो. मास्तरांनी तोच हिशेब पोटरीला लावला. तीस सेकंदांनी एवढा गुण, तर पाव तासाने किती! ते भिंतीला हात टेकवून झुकले ते झुकलेच. एक पाय, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. ताई आली तेव्हा पोटऱ्या इतक्या सैल झाल्या होत्या की मास्तरांना स्वतःचाच अभिमान वाटला.

ते घोडी चढले. ब्रश बुडवला. पहिलं हातभर छान गेलं. मग पाय असा लटपटला की जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. ब्रश पांढऱ्या छताला लागला आणि तिथे बोटभर तपकिरी डाग उठला.

ताईने खालून घोडी घट्ट धरली होती. "उतरा काका."

"अगं, एकदाच..."

"उतरा म्हणते ना."

मास्तर उतरून रंगाच्या डब्यावर बसले. अति तेथे माती हे ते दुसऱ्यांना हजारदा सांगून चुकले होते. ताईने चिकटपट्टीवाल्यांना लावायला फोन हातात घेतला, पण लावला नाही. नुसता धरून उभी राहिली. मास्तरांनी आपला काढला आणि फिजिओबाईंना लावला.

"किती वेळ ताणलंत?" बाईंनी विचारलं.

"पाव तास."

"प्रत्येक पाय?"

"हो."

"अहो, मी तुम्हाला शेवटी काय सांगितलं होतं? इतकं ताणलं की पोटरी थोडा वेळ ढिली पडते, तोल सावरायला उशीर करते. शिडी चढायच्या आधी लगेच ताणू नका, असं दोनदा सांगितलं मी. तुम्ही छताकडे बघत होतात."

"तुमचा पट्टा वाकडा आहे," मास्तर पुटपुटले.

"माझा पट्टा राहू द्या. आता चाला. आरामात तासभर. पाय आपले वाटले की मगच चढा."

मास्तरांनी ताईला सगळं खरं खरं सांगितलं. लाज वाटत होती, तरी सांगितलं. ताईने घड्याळ पाहिलं. "दुपारपर्यंत. त्यानंतर मी फोन लावते."

मास्तर हॉलच्या चारी भिंतींच्या कडेने चालत राहिले. रिकाम्या कपाटांना वळसा, खिडकी, दार, पुन्हा कपाटं. प्रत्येक पावलाला आधी टाच टेकतेय की नाही ते बघत. तासाभराने ते एका पायावर उभे राहिले. पन्नासपर्यंत मोजून पाय खाली ठेवला आणि घोडीपाशी आले.

वर गेल्यावर टाचा पायरीवर नीट टेकल्या. शरीर खुंटीसारखं जागच्या जागी. मास्तरांनी हात वर केला, आणि ब्रश कडेपासून चार बोटं खाली थांबला. आजवर ती चार बोटं त्यांनी चवड्यांवरच भरून काढली होती. टाचा आपोआप उचलल्या जाऊ लागल्या, सवय ती. खालून ताई टाचांकडेच बघत होती. मास्तर तसेच थांबले. मग त्यांनी टाचा पुन्हा टेकवल्या.

"ताई, मोठी घोडी दे."

हॉलमधले दोघे रंगारी हातातलं काम टाकून वर बघू लागले. ताई स्वतः गेली, आठ पायऱ्यांची घोडी खांद्यावर घेऊन आली आणि उभी करून धरली. मास्तर चढले. टाच टेकलेली, कोपर सैल, नजर ब्रशच्या दोन बोटं पुढे. आधी त्यांनी छतावरचा डाग पांढऱ्याने मिटवला. मग पट्टा सुरू झाला आणि चालत राहिला: खिडकीवरून, दारावरून, कोपऱ्यात वळून पुढच्या भिंतीवर. दर तीन फुटांवर उतरायचं, घोडी सरकवायची, पुन्हा चढायचं. वेळ जास्त लागला. लागू दे.

चारी भिंती फिरून पट्टा जिथून निघाला तिथेच येतो, आणि दोन टोकं जुळतात की नाही यावर रंगाऱ्याची किंमत ठरते. सूतभर जरी फरक पडला, तरी तिथे पायरी दिसते. पाच वाजता मास्तरांनी शेवटचा हात मारला आणि खाली उतरले.

ताई मान वर करून भिंतीच्या कडेने सावकाश चालली. एक फेरी. मग दुसरी.

"सुरुवात कुठून केली होतीत काका?"

"तूच सांग."

तिने तिसरी फेरी मारली. मग हसून मान हलवली. "नाही सापडत मला."

तिने फोन खिशात ठेवला. "सोमवारी शाळेच्या सभागृहाचं काम सुरू होतंय. पट्टा तुमच्याकडे. पुढचेही तुमच्याचकडे."

"आणि पुट्टी?"

"पुट्टीला माणसं आहेत माझ्याकडे."

दीड महिना आपण किती घाबरलो होतो, हे मास्तरांना आत्ता कुठे कळलं. रंगाच्या हातांनीच त्यांनी बायकोला फोन लावला. मशीनची घरघर थांबली.

"काय झालं?" तिने विचारलं. "खाली का?"

"वर," मास्तर म्हणाले. "सोमवारपासून वर."