वहिनीचा लॅपटॉप आणि पळणारा कर्सर

वहिनीनं आपला प्रबंध स्वतःच टाइप करायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. ती एकदा ठरवते ते करते, हे ती लग्न होऊन भांडगावला आली त्या वर्षीच आम्हाला कळलं होतं. सकाळी जिल्हा परिषदेची शाळा, संध्याकाळी दादाच्या बरोबरीनं गाईंच्या धारा, आणि या सगळ्यात कुठंतरी जागा काढून एम.एड.चा अभ्यास.

प्रबंधाचा विषय तिनं आमच्याच घरात शोधला होता. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी मेंढरं घेऊन हिंडायचे. पाऊस सरला की कळप घाट उतरून कोकणाकडे जायचा. पुढं विहिरीला पाणी लागलं, रान पिकायला लागलं आणि आबा गावात स्थिरावले. भावकीतली काही घरं मात्र अजून जायची. त्यांच्याबरोबर वहिनीच्या वर्गातली मुलंही दिवाळीनंतर दिसेनाशी व्हायची. ती मुलं कुठं जातात, परत आल्यावर वर्गात त्यांचं काय होतं, हे तिला लिहायचं होतं. त्यासाठी तिनं आबांना आणि आईला बोलतं केलं होतं. आई तर चुलीपुढं बसून तिला मुक्कामाच्या जागा सांगत सुटायची.

सुरुवातीची काही पानं तिनं दौंडला टाइप करायला दिली होती. ती परत आली तेव्हा वहिनीनं आबांना एक ओळ वाचून दाखवली, ‘रात्री मेंढरांभोवती वाघ लावतात.’ तिनं लिहिलं होतं वाघूर. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती रोवतात ती जाळी. टाइप करणाऱ्याला तो शब्द चुकीचा वाटला असावा. आबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. वहिनीही हसली, पण त्याच दिवशी तिनं मला विचारलं, एखादा जुना लॅपटॉप कुठं मिळेल का.

मी तेव्हा शिक्रापूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते. तिथल्याच एका साहेबांनी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मला दिला. सुट्टीच्या दिवशी तो मांडीवर धरून मी तळेगाव ढमढेरे, न्हावरा करत जीपनं आमच्या गावाजवळच्या चौफुल्याला उतरले. लग्नाआधी वहिनीनं मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली होती. तिनं दोनच संध्याकाळांत फाँटशी जुळवून घेतलं. तिची बोटं चालायला लागली की आई स्वयंपाकघरातून डोकावून बघायची.

मग कर्सर पळायला लागला.

ती एक वाक्य लिहीत असायची आणि मध्येच कर्सर उडी मारून वरच्या परिच्छेदात जायचा. डोळे कागदावर असल्यामुळे तिला ते लगेच कळायचं नाही. मान वर करावी तर चार शब्द भलत्याच ओळीत घुसलेले. कधी तो आपोआप अर्धं पान निवडायचा आणि पुढचं अक्षर दाबलं की ते अर्धं पान नाहीसं व्हायचं. मी पुढच्या सुट्टीला गेले तेव्हा माझ्यासमोर हे घडलं. हात न लावता स्क्रीनवरचा बाण थरथरत होता, मग एकदम कोपऱ्यात जाऊन बसला.

मी कॉम्प्युटरवर काम करणारी, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. व्हायरस असेल, असं मी सांगितलं. लॅपटॉप चौफुल्याच्या दुरुस्तीवाल्याकडं दिला. त्यानं सगळं पुसून नव्यानं भरून दिलं आणि आमच्यासमोर चालवून दाखवलं. कर्सर अगदी शांत. घरी आणून लावला तर पुन्हा तेच. दुसऱ्यांदा नेला, तर दुकानात पुन्हा शांत. दुरुस्तीवाला बिचारा चांगला होता. त्यानं तो अख्खी दुपार दुकानात चालू ठेवला आणि शेवटी म्हणाला की माझ्याकडं तर काहीच होत नाही.

दादाचं मत पडलं की हे धूड विकून टाकावं. आईला वाटलं, वहिनीच्या हाताला घाम येत असेल. वहिनीनं आईचंही ऐकलं. हात धुऊन, पुसून बसली. बांगड्या वर सारून बघितल्या. मी आणलेला माऊस लावला, तरी बाण आपल्या मर्जीनं पळत राहिला. टचपॅड बंद करायची सोय त्या लॅपटॉपमध्ये आम्हाला काही सापडली नाही.

वैतागून मी तिला म्हटलं, की राहू दे, मी शिक्रापूरला कुणाकडून तरी टाइप करून आणते. पानं जमा करायची मुदतही जवळ येत होती. वहिनी शांतपणे म्हणाली, “वन्सं, दुकानात चालतो आन् घरी चालत न्हाई. म्हंजी बिघाड लॅपटॉपात न्हाईच. घरात हाय.”

एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

त्यानंतर तिनं जे केलं ते मी सुट्टीला गेले की बघायची आणि उरलेलं फोनवर ऐकायची. एका वेळी ती एकच गोष्ट बदलायची. टेबलावरून उठून जमिनीवर बसली. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेली. एकदा तर गोठ्याशेजारच्या पडवीत लांब वायर ओढून बसली आणि गाई तिच्याकडं बघत रवंथ करत राहिल्या. कर्सर सगळीकडं पळाला. ती चिडली नाही. वर्गात एखादं मूल रोज त्याच गणिताला अडतं तेव्हा ती जशी त्याच्या शेजारी जाऊन बसते, तशीच ती त्या लॅपटॉपशेजारी बसली होती.

मग एका दुपारी भारनियमनात लाइट गेली. चार्जर लावलेला होता, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. वहिनी लिहीत होती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की सबंध पानभर कर्सर जागचा हलला नाही. जुनी बॅटरी संपेपर्यंत ती लिहीत गेली. लाइट आली, चार्जरमधून वीज सुरू झाली आणि बाण पुन्हा थरथरायला लागला. त्याच वेळी तिच्या मनगटाला लॅपटॉपची धातूची कड लागली आणि बारीक झिणझिण्या आल्या. अशा झिणझिण्या तिला आधीही आल्या होत्या, पण अवघडून बसल्यामुळे हाताला मुंग्या आल्या असं तिला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉप शाळेत नेला. मधल्या सुट्टीत चार्जर लावून बसली. ना झिणझिण्या, ना उड्या. म्हणजे घरातली चोरटी वीज जमिनीत उतरत नव्हती, ती लॅपटॉपच्या धातूत येत होती, हे तिनं ताडलं. संध्याकाळी घरी येऊन तिनं आबांना विचारलं, “मामा, घराची अर्थिंग कुठं पुरलीय?” सासऱ्यांना ती मामाच म्हणते.

आबांना क्षणभर आठवेना. मग त्यांनी गोठ्यामागची जागा दाखवली. घर बांधताना वायरमननं तिथं खड्डा घेऊन पत्रा पुरला होता. तेव्हा न्हाणीचं पाणी तिथंच जिरायचं, त्यामुळं अर्थिंगला लागणारी ओल जमिनीत कायम असायची. पुढं आबांनीच ते पाणी नारळाकडं वळवलं होतं आणि गोठा वाढवताना त्या जागेवर मुरूम टाकून चांगला चोपला होता. वहिनी तिथं उभी राहून बराच वेळ त्या कोरड्या मुरमाकडं बघत होती, असं आई मला नंतर सांगत होती.

मी सुट्टीवर होते त्या दिवशी वायरमनला बोलावलं. त्यानं आधी मेन स्विच बंद केला आणि वहिनीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. बरोबर हाय तुमचं, उकरूनच बघू, असं म्हणाला. आबांनी कुणाला कुदळ घेऊ दिली नाही. सत्तरीकडं झुकलेला माणूस, पण मुरूम फोडताना त्यांना दम लागला नाही. खाली पत्र्याजवळ वायर गंजून तुटलेलीच होती. वायरमननं नवी तार जोडली, खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलं. दादानं पाण्याच्या घागरी ओतल्या. माती पाणी ओढत होती आणि आम्ही सगळे लग्नघरात जमल्यासारखे त्या खड्ड्याभोवती उभे होतो.

मग सगळे आत आलो. वहिनीनं चार्जर लावला, लॅपटॉप चालू केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाण स्क्रीनच्या मधोमध होता. तो तिथंच राहिला. तिनं लिहायला सुरुवात केली, पान संपलं, दुसरं सुरू झालं. दादा तेवढ्यात म्हणाला की आता चहा टाका. त्याचा आवाज खुशीचा होता.

पण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते चहानंतरचं. आई दूध ठेवायला फ्रिजपाशी गेली, दार उघडलं आणि हात दारावरच ठेवून थांबली. म्हणाली, “आज चावला न्हाई गं.”

वहिनी उठून तिच्याजवळ गेली. विचारल्यावर आईनं सांगितलं, की फ्रिजला हात लावला की कधीपासून चुरचुरायचं. म्हणून ती दाराला पदर गुंडाळून उघडायची आणि पायाखाली लाकडी पाट घ्यायची. आम्ही तो पाट रोज बघत होतो. गुडघे दुखतात म्हणून घेतला असेल असं मला वाटायचं. कुणाला सांगितलं का नाहीस, असं दादानं विचारलं, तर ती म्हणाली, की वय झाल्यावर हातापायाला असं व्हायचंच.

वहिनीनं आईचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. तिचा प्रबंध मार्गी लागला होता, मुदत गाठता येणार होती, पण त्या घडीला तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काही नव्हतं. नंतर मला बाजूला घेऊन ती एवढंच म्हणाली, “बरं झालं कर्सर पळाला. न्हाईतर आत्यांचं आपल्याला कळलं नसतं.” सासूला ती आत्या म्हणते. मी माझ्या आईजवळ लहानाची मोठी झाले, पण तिच्या पायाखालच्या पाटाकडं तसं बघायला मला वहिनीनं शिकवलं.

पुढचे दिवस तिनं शाळा सांभाळून झपाट्यानं काम केलं. प्रत्येक भाग पुरा झाला की आबांना वाचून दाखवायची. आबा कुठं कुठं दुरुस्ती सांगायचे, एखादा मुक्काम आधीचा का नंतरचा यावर आईशी वाद घालायचे, आणि वहिनी दोघांचं ऐकून मग लिहायची. प्रबंध मुदतीत जमा झाला. तोंडी परीक्षा देऊन ती पुण्याहून परत आली तेव्हा दादा तिला आणायला चौफुल्यावर तासभर आधीच जाऊन उभा होता.

त्या दिवाळीनंतर भावकीतली घरं मेंढरं घेऊन निघाली, तेव्हा वहिनी आबांना बरोबर घेऊन त्यांच्याकडं गेली. तिच्या वर्गातल्या दोन बहिणी होत्या. त्यांना आमच्या घरी ठेवा, मी सांभाळते, असं तिनं त्यांच्या आईला सांगितलं. ती बाई आधी नको म्हणत होती. आबांनी आपल्या हिंडण्याच्या काळातल्या गोष्टी काढल्या, बराच वेळ बोलले, आणि शेवटी तिनं मुलींची बोचकी वहिनीच्या हातात दिली.

मुली कळप परत येईपर्यंत आमच्याकडं राहिल्या. सकाळी वहिनीचं बोट धरून शाळेत जायच्या. मी सुट्टीला गेले की आई त्यांच्या वेण्या घालत बसलेली दिसायची आणि धाकटी तिला मोठ्यानं धडा वाचून दाखवत असायची.