एकाच ओरखड्याची दोन चाकं

मेहुण्याला जी गाडी घ्यायची होती ती लाल, दोन दारांची, जर्मन बनावटीची आणि नऊ वर्षं वापरलेली होती. कसबा बावड्यातल्या एका ऊसबागायतदाराच्या बंगल्यात ती उभी होती. बंगल्यासमोरून ऊस भरलेल्या ट्रॉल्या जात असत. गाडीची उंची इतकी कमी की ट्रॉलीतून पडलेलं कांडंही तिच्या पोटाला घासलं असतं. मेहुणा कागलला दूध संकलन केंद्र चालवतो. या गाडीत दुधाचा एक कॅन मावला नसता. तरी त्याला तीच हवी होती, आणि कारण विचारलं की तो गाडीचा फोटो दाखवत असे.

अडचण माझ्या सासऱ्यांची होती. त्यांच्या कागलच्या घराला एक नियम होता: डुप्लिकेट वस्तू फाटकाच्या आत येणार नाही. मेहुण्यानं एकदा मोटारसायकलला बाजारातला आरसा लावला. सासऱ्यांनी तो काढून फाटकाबाहेरच्या खांबाला खिळा मारून टांगला. आरसा अजून तिथंच आहे, आणि आळीतले काही लोक त्यात बघून भांग पाडतात.

गाडीबद्दल त्यांनी इंजिनाची चौकशी केली नाही. चाकं कंपनीची आहेत का, एवढंच विचारलं. असल्या गाड्यांना हुबेहूब दिसणारी नकली चाकं लावतात, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं.

"पूजा चाकाची करायची," ते म्हणाले. "चाकच खोटं असंल तर नारळ कुणापुढं फोडायचा?"

मेहुण्यानं चारही चाकं कंपनीचीच आहेत असं सांगितलं. सासऱ्यांनी त्याच्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं. मी वर्तमानपत्रात काम करतो.

"पावणं, खरंखोटं करायचा तुमचा धंदाच हाय. तुम्ही बघून या. आणि लिहून द्या."

सासरे उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पस्तीस वर्षं पॅटर्न मेकर होते. पॅटर्न म्हणजे ओतकामासाठी केलेला लाकडी नमुना. तो वाळूत दाबून काढून घेतला की जी पोकळी राहते, तिच्यात वितळलेला धातू ओततात. निवृत्तीनंतरही ते घरामागच्या शेडमध्ये सुटी कामं करत होते. प्रत्येक नमुन्यावर, आडबाजूला, ते तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा ठेवत. फाउंड्रीत सगळ्यांचे नमुने एकमेकांत मिसळत, तेव्हा आपला ओळखता यावा म्हणून. नमुन्यावरचा दाणा वस्तूवर उतरे. माझ्या घरी त्यांनी लग्नात दिलेला बिडाचा तवा आहे. त्याच्या कानाखाली तो दाणा आहे.

मी तीन दिवस माहिती गोळा केली. मधली टोपी बघून काही ठरत नाही, कारण खरी टोपी सुटी विकत मिळते आणि नकली चाकावर बसते. चाक काढून उलटं करावं लागतं. कंपनीच्या चाकाच्या आऱ्यांच्या मागं सुट्या भागाचा क्रमांक, बनवणाऱ्याची खूण, रुंदी आणि व्यास ओतलेले असतात. नकली चाकाची मागची बाजू बहुतेक कोरी असते, किंवा तिच्यावर फक्त माप असतं. वजनातही फरक पडतो. हे सगळं मी एका कागदावर उतरवलं.

रविवारी सकाळी मेहुणा, मी आणि त्याच्या ओळखीचा एक पंक्चरवाला असे बावड्याला गेलो. मेहुण्यानं दूध मोजायचा काटा बरोबर आणला होता.

बागायतदार पायरीवर चहा घेत बसले होते. पंक्चरवाल्यानं जॅक लावलेला बघून त्यांनी कप खाली ठेवला.

"पावणं, गाडी बघायला आलासा का चाकं?"

मेहुण्यानं सांगितलं की गाडी पसंत आहे, चाकं वडिलांसाठी बघायची आहेत. बागायतदारांना यात गैर काही वाटलं नाही. त्यांनी चहा सांगितला.

पहिलं चाक उलटं होईपर्यंत फाटकाशी सात-आठ माणसं जमली होती. कोल्हापुरात ओतकामाबद्दल मत नसलेला माणूस सापडत नाही; ज्याचा स्वतःचा फाउंड्रीशी संबंध नाही, त्याच्या चुलत्याचा तरी असतो. एकानं पान्यानं चाकावर टकटक करून कान लावला आणि माल चांगला असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्यानं तोच पाना घेतला आणि आवाज बद्द येतोय म्हणाला. तिसऱ्यानं चुंबक मागवलं. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे त्याला सांगण्यात आलं. तो म्हणाला, तेच बघायचंय.

पहिल्या तीन चाकांवर क्रमांक, खूण आणि माप जागच्या जागी होतं. चौथ्यावरही होतं. अक्षरांची उंची सारखी होती. जर्मनीत बनवल्याची इंग्रजी ओळही होती. मेहुण्यानं काटा उचलून आम्ही आलो त्या गाडीत ठेवायला घेतला. मी तो परत मागितला, कारण कागदावर वजन लिहिलेलं होतं.

टायर सगळे एकाच मापाचे आणि एकाच वेळी बदललेले होते. तीन चाकं सारखी भरली. चौथं दोन किलो जास्त भरलं.

"चिखुल असंल," मेहुणा म्हणाला.

चाक धुतलं. दोन किलो तसेच राहिले.

मग मी चारही चाकं भिंतीला ओळीनं लावायला सांगितली. पहिल्या चाकाच्या कडेला, हवा भरायच्या नळीपासून चार बोटांवर, फुटपाथला घासल्याचा वाकडा ओरखडा होता. चौथ्या चाकाच्या कडेला, नळीपासून चार बोटांवर, तसाच वाकडा ओरखडा होता. लांबी सारखी. शेवटी जिथं तो दुभागला होता तो फाटाही सारखा. पहिल्या ओरखड्याची धार नखाला लागत होती. दुसऱ्याची गुळगुळीत होती. तो घासून पडलेला नव्हता, ओतलेला होता.

चुंबकवाल्यानं दोन्ही ओरखड्यांना चुंबक लावून बघितलं.

मी बागायतदारांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. दोन वर्षांपूर्वी एक चाक पन्हाळ्याच्या रस्त्याला खड्ड्यात फुटलं होतं, कंपनीनं नव्या चाकाला चार महिन्यांचा वायदा दिला, म्हणून एका गॅरेजवाल्याला नमुन्याला चांगलं चाक देऊन तसंच करून आणायला सांगितलं होतं. कुणी केलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आधी का सांगितलं नाही, असं मेहुण्यानं विचारलं.

"तुम्ही विचारलासा कुठं? रंग विचारलासा."

मी चौथ्या चाकाची मागची बाजू पुन्हा तपासली. एका आऱ्याच्या मुळाशी, हात सहज जाणार नाही अशा जागी, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा होता.

मेहुण्यानंही तो बघितला. त्याच्या घरातल्या खलबत्त्यावर, फाटकाच्या बिजागरीवर आणि देवघरातल्या घंटेवर तोच दाणा आहे. त्यानं मला गाडीमागं नेलं.

"दाजी, तुम्ही हे बघितलं न्हाय."

मी म्हणालो, बघितलं आहे.

"मग लिहू नका की. खोटं चाक म्हटल्यावर गाडी फाटकातनं आत यायची न्हाय. आणि खोटं कुणी केलं हे कळलं तर मी बी यायचो न्हाय."

मी अहवाल एका पानात लिहिला. तीन चाकं कंपनीची, चौथं नकली. कारणं: वजन, ओरखडा, दाणा. दाणा कुणाचा हे लिहिलं नाही. ते वाचणाऱ्याला माहीत होतं.

सासऱ्यांनी चष्मा लावून पान वाचलं. शेवटच्या ओळीवर ते थांबले. मेहुणा दाराशी उभा होता. गाडी येणार की नाही, हे त्या पानावर ठरणार होतं.

"ओरखडा बी उतरला व्हय?" सासऱ्यांनी विचारलं.

उतरला, मी म्हणालो. फाट्यासकट.

"हुबेहूब पायजे म्हणला होता. दोन दिवस गेलते त्या ओरखड्यात."

त्यांनी पानाची घडी केली. मग त्यांनी विचारलं, चाक कुठं टांगलं आहे. मला प्रश्न कळला नाही. गॅरेजवाल्यानं ते दुकानातल्या भिंतीवर शोभेला लावायचं असं सांगून त्यांच्याकडून करून घेतलं होतं. गाडीला लागलंय आणि त्यावर गाडी दोन वर्षं पळालीय, हे सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"वाळूत ओतलेला ठिसूळ माल हाय त्यो. माणूस बसल्यालं वजन त्यावर टाकायचं न्हाय. गाडी तुझी तू घे. पण माझ्या चाकावर ती एक फूट चालवायची न्हाय."

मेहुण्यानं विचारलं, तीन चाकांवर आणू का.

गाडीला कंपनीची स्टेपनी होती. बारीक, सायकलीच्या चाकापेक्षा थोडी जाड, फक्त गॅरेजपर्यंत जाण्यापुरती. सासऱ्यांनी मला तीही तपासायला पुन्हा बावड्याला पाठवलं. ती अस्सल होती. कंपनीचं लेबलसुद्धा निघालेलं नव्हतं.

गाडी गुरुवारी कागलला आली. हायवेवरून सावकाश, तीन रुंद चाकांवर आणि एका बारीक चाकावर, उजवीकडं किंचित झुकून. उसाच्या ट्रॉल्या तिला हॉर्न देऊन पुढं जात होत्या. मागच्या डिकीत स्टेपनीपुरतीच जागा असल्यानं चौथं चाक मेहुण्याशेजारच्या सीटवर होतं. गाडी बीप वाजवत राहिली, म्हणून त्यानं चाकाला सीटबेल्ट लावला होता.

फाटकाशी सासऱ्यांनी गाडी थांबवली आणि सीटकडं बोट केलं. मेहुण्यानं चाक उतरवून बाहेर, आरशाच्या खांबाला टेकवलं. मग गाडी आत आली.

सासूबाईंनी हळदकुंकू, नारळ आणि चार लिंबं काढून ठेवली होती. सासऱ्यांनी तीन रुंद चाकांखाली तीन लिंबं ठेवली. बारीक स्टेपनीजवळ ते वाकले, तिच्याकडं बघितलं आणि लिंबू हातात घेऊन उभे राहिले. नंतर ते फाटकाबाहेर गेले. परत आले तेव्हा चौथं चाक घरंगळत आणत होते. ते त्यांनी गाडीशेजारी उभं केलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि त्याला कुंकू लावलं.

"आबा, ते खोटं हाय की," मेहुणा म्हणाला.

"खोटंच हाय. पण मी केलंय."

मेहुण्यानं गाडी सुरू केली. तीन लिंबं चिरडली. सासऱ्यांनी चौथं लिंबू आपल्या चाकापुढं ठेवलं आणि दोन्ही हातांनी चाक एक फूट ढकललं.