नेरळच्या चढावरची भाजीवाली

मला लहानपणापासून दमा. डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता. नेरळला माथेरानची छोटी गाडी चुकली, म्हणून मी पायीच निघालो आणि अर्ध्या चढावर छाती गच्च झाली. झाडाला धरून मी नुसती हवा ओढत होतो.

मागून डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई आली. पाटी उतरवून ती माझ्यासमोर बसली.

“आत वडू नका. आदी भायेर सोडा, हलू हलू. भरल्या हंड्यात पानी कसं मावंल?”

चूल फुंकताना करतात तसे ओठ करून तिने लांब श्वास सोडून दाखवला. मी तसंच करत राहिलो. बऱ्याच वेळाने छाती सैलावली.

“हे कुठं शिकलात?”

“मला बी हाय ना दमा! भात झोडताना धुरळ्यानं कोंडतो. म्हनून खळ्यावर जात नाय, रोज पाटी घेऊन वर जाते.”

दमा असलेली बाई रोज हा डोंगर चढते? ती पाटी घेऊन उठली. थोडं चाले, थांबून श्वास सोडे, पुन्हा चाले. कसलीच घाई नाही.

हाक मारून नाव विचारण्याइतका दम मला आला, तेव्हा ती वळणाआड गेली होती.