पाणी गरम असतं

"हमीदभाई, उभे राहा ना! लाजता काय?" मॅडम म्हणाल्या.

टाळ्या सुरू झाल्या. माझे अब्बा उभे राहिले. उठता उठता त्यांनी डाव्या हाताची बाही मनगटावर ओढून घेतली आणि हसले. सगळ्यांकडे बघून हसले. त्यांना वाटलं, आपला सत्कार होतोय.

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. 

दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधलं मॅडमचं ऑफिस. काचेची खोली, आठ-नऊ कुटुंबं, टेबलावर खजूर आणि पाण्याच्या छोट्या बाटल्या. पडद्यावर एक इंग्रजी निबंध. अमेरिकेतल्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मागताना असा निबंध द्यावा लागतो, तुम्ही कोण आहात ते सांगणारा. ईशानने तो नुकताच मोठ्याने वाचून दाखवला होता. ईशान म्हणजे आमच्या आइस हॉकी टीमचा कॅप्टन. निबंधाचा विषय होता, 'आमचा बर्फ बनवणारा माणूस'.

तो माणूस म्हणजे माझा बाप.

आणि निबंधात लिहिलं होतं की ईशान रोज पहाटे रिंकवर लवकर जायचा. हमीद नावाच्या त्या गरीब, साध्या माणसाबरोबर फावड्याने कडेचा बर्फ ओढायचा. हमीदने त्याला कष्टाची किंमत शिकवली.

ईशानने माझ्या बापाला पाच वर्षांत एकदाही गुड मॉर्निंग म्हटलं नव्हतं. फावडं ओढणारी मी होते.

आता मागचं सांगते. नाहीतर कळणार नाही.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. कोकणी मुसलमान. मी वाढले अजमानमध्ये, दुबईहून स्वस्त म्हणून आमच्यासारखे राहतात तिथे. अब्बा दुबईतल्या एका मॉलच्या आइस रिंकवर बर्फ घासायची गाडी चालवतात. म्हणजे चालवायचे. ती गाडी ओरखडलेला बर्फ खरवडून घेते आणि मागून पाण्याचा पातळ थर सोडते. पुढच्या काही मिनिटांत बर्फ पुन्हा काचेसारखा. आमच्या अब्बांसारखा बर्फ अख्ख्या दुबईत कोणी करत नाही, असं कोच म्हणायचे. वाळवंटात राहून बर्फाचा कारागीर! अम्मी चिडवायची, "गावात लोकांना सांगितलं तर म्हणतील, हमीदला ऊन लागलंय."

सुट्टीच्या दिवशी मी पहाटे कंपनीच्या व्हॅनमधून त्यांच्याबरोबर जायचे. मॉल बंद, रिंक रिकामा. गाडी जिथे पोचत नाही तिथला कडेचा बर्फ मी फावड्याने ओढायचे. त्याच्या बदल्यात अर्धा तास स्केटिंग. मग कोणीतरी टाकून दिलेले गोलकीपरचे पॅड मिळाले. गोलकीपर व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मला घेतलं. हेल्मेटखाली स्कार्फ बांधून उभी राहिले. हळूहळू कळलं, मला हे जमतं. पक, म्हणजे हॉकीची ती कडक रबरी चकती, अंगावर येताना माझे डोळे मिटत नाहीत.

बारावीच्या वर्षी कोचने मॅडमशी बोलून मला एक फुकट जागा मिळवून दिली. मॅडमचा धंदाच तो. हॉकी खेळणाऱ्या मुलांना अमेरिकेतली कॉलेजं शोधून द्यायची. बाकीच्यांची फी ऐकून अब्बांनी सवयीने मोठ्याने दिरहमचे रुपये करायला घेतले आणि मध्येच थांबले.

पहिल्या भेटीला अब्बा फणसपोळी घेऊन आले. कारण मॅडम मराठी. पुण्याच्या. परक्या मुलखात मराठी ऐकलं की अब्बा विरघळतात. तेवढं एक कानावर पडलं की माणूस त्यांचा सख्खा. आमच्याकडच्या सगळ्यांचीच ही खोड. गल्फमध्ये आयुष्य काढतील, पण मराठी बोलणाऱ्याला कागद न वाचता सही देतील.

मॅडम म्हणाल्या, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो! मुसलमान असून!"

अब्बा म्हणाले, "मॅडम, आमी रत्नागिरीचे. घरात दुसरं बोलणार काय?" आणि हसले.

मला ते हसणं आवडलं नाही. 

भिंतीवर कॉलेजांची यादी होती. वर लाल रंगात पाच-सहा नावं. अभ्यासात नाव आणि हॉकीही तगडी. "इथे शंभरातले मोजकेच आत जातात," मॅडम म्हणाल्या. त्या आवाजात लाड होता. मधे पिवळा पट्टा. खाली हिरवा. हिरव्यात हॉकी होती, पण नाव नव्हतं.

"शाळा कुठली?"

"अजमानची. इंडियन स्कूल."

"ओके. मग आपण खालून सुरुवात करू या."

माझे मार्क त्यांनी अजून पाहिलेच नव्हते. कागद माझ्या हातातच होता.

मी लाल पट्ट्यातलं एक नाव दाखवलं. तिथे मुलींची टीम चांगली होती, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना ते कॉलेज पूर्ण मदत देतं. माझ्यासाठी तेवढी एकच वाट होती. अर्ध्या मदतीचा मला काही उपयोग नव्हता. हिरव्या पट्ट्यातले प्रवेश देतील, पैसे देणार नाहीत.

मॅडम हसल्या. "स्वप्न चांगलं आहे. पण तिथे जायला गोष्ट लागते, बाळा. तुझी गोष्ट काय?"

तर गोष्ट अब्बांनीच सांगितली. मला बोलूच दिलं नाही. चहा आला, फणसपोळी उघडली, आणि अब्बा तासभर बोलले. गाडी कशी आली, बर्फ कसा बसवतात, पहाटेची व्हॅन, माझं फावडं, टाकलेले पॅड. मॅडम लॅपटॉपवर भराभर लिहीत होत्या. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "छान आहे. पण यात तू काय केलंस? हे सगळं वडिलांचं. तू दुसरं काहीतरी शोध."

मी शोधलं नाही. मी तेच लिहिलं. माझी गोष्ट तीच होती. दोन महिने लिहिली, खोडली, लिहिली. आणि अर्जाची मुदत चार दिवसांवर असताना त्या काचेच्या खोलीत बसून मी माझंच आयुष्य ईशानच्या तोंडून ऐकलं.

आयत्या बिळावर नागोबा. आणि वर बीळ खणणाऱ्याला टाळ्या.

मॅडम सगळ्यांना सांगत होत्या, "याला म्हणतात लाल पट्ट्यातला एसे." मग त्यांनी कॉलेजचं नाव घेतलं. माझंच कॉलेज.  एकाच क्लबमधून एकाच कॉलेजला एकच गोष्ट दोनदा जाणार. एक कॅप्टनची, उत्तम शाळेतल्या मुलाची. दुसरी अजमानच्या मुलीची. नक्कल कोणाची ठरणार, हे सांगायला लाल पट्ट्यातली अक्कल लागत नाही.

मी उभी राहिले. अब्बांनी ओढणी धरून ओढली. "खाली बस."

नाही बसले.

"ईशान, त्या गाडीतून बर्फावर सोडतात ते पाणी गरम असतं की थंड?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. "कोल्ड. ऑब्विअसली."

निबंधात तसंच होतं. थंडगार पाण्याने गोठलेले हमीदचे हात.

"गरम असतं," मी म्हणाले. "वाफा निघतात इतकं गरम. गरम पाण्याने वरचा थर वितळतो, ओरखडे भरतात, मग बर्फ कडक बसतो. जो एक दिवस तिथे उभा राहिलाय त्याला हे माहीत असतं. हा एक दिवसही उभा राहिलेला नाही. हे सगळं माझं आहे."

 खजुराची बशी कोणीतरी सरकवली.

मग ईशानचे वडील उठले. रिंकच्या देखभालीचं काम ज्या कंपनीकडे आहे, ती त्यांची. अब्बांचा व्हिसा त्या कंपनीचा. ते माझ्याशी बोललेच नाहीत. "हमीद, बच्ची को घर ले जाओ. थक गई है. यल्ला, चलो."

अब्बा म्हणाले, "जी सर. सॉरी सर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या सॉरीने मला जेवढं भाजलं तेवढं ईशानच्या निबंधाने नाही.

लिफ्टपाशी मॅडम धावत आल्या. दार हाताने अडवलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "रागावू नकोस गं. तू हुशार आहेस. दुसरं काहीतरी लिही ना. तुमच्या घरात दुःखांना काय तोटा?"

अगदी हेच शब्द. मी एकही बदललेला नाही.

 अजमानला परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये तास गेला. मला वाटलं, आता ओरडतील. घरी अम्मीने विचारलं, काय झालं? अब्बा खुर्चीत बसले, बूट काढले, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी मॅडमला गरमच म्हटलं होतं. दोनदा म्हटलं. ती बोलली, नाही हो हमीदभाई, थंड म्हणायचंय तुम्हाला."

म्हणजे ऐकलं होतं. ऐकून दुरुस्त केलं होतं. पंधरा वर्षं बर्फ बसवणाऱ्याला पाण्याबद्दल शिकवलं होतं.

अब्बांनी बाही वर केली. डाव्या मनगटावर जुना डाग आहे, कोपराकडे गेलेला, गुळगुळीत. मी सहा वर्षांची असताना गाडीचा पाण्याचा पाइप सुटला होता. हे त्यांनी मॅडमना सांगितलं नव्हतं. पाहुण्यासमोर दुखणी काढत नाहीत, म्हणून.

"आता काय लिहिणार?" त्यांनी विचारलं.

 त्या चार दिवसांत मी माझा जुना निबंध पुन्हा वाचला आणि मला त्याची लाज वाटली. छान होता. अभिमानाने भरलेला. आणि अर्धा खोटा. कारण खरी गोष्ट मीही लपवली होती.

खरी गोष्ट अशी की टीमबरोबर बर्फावर असताना मी माझ्या बापाला अब्बा म्हणत नव्हते. पहिली दोन वर्षं. अब्बा गाडी घेऊन यायचे, सगळे कडेला सरकायचे, आणि मी दुसरीकडे बघायचे. एकदा माझी बाटली गाडीसमोर पडली तेव्हा मी ओरडले, "हमीदभाई, स्टॉप!" त्यांनी गाडी थांबवली. उतरून बाटली उचलून दिली. "हे घ्या मॅडम," म्हणाले. मला अहोजाहो केलं. माझी लाज राखायला. माझ्या बापाने मला मॅडम म्हटलं आणि मी बाटली घेतली.

ईशानने माझा बाप चोरला खरा. पण त्याच्याआधी मीच बापाला नाकारलं होतं. हे मी स्वतःला तोपर्यंत कधी सांगितलं नव्हतं. 

मी सगळा निबंध फाडला आणि त्या बाटलीपासून सुरुवात केली. पहिलं वाक्य: मी माझ्या वडिलांना नावाने हाक मारली आणि त्यांनी मला मॅडम म्हटलं. हे वाक्य मी अब्बांना मराठीत वाचून दाखवलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मला वाटलेलं तू विसरलीस."

मी मुदतीच्या आदल्या दिवशी अर्ज पाठवला. एकटीने. मॅडमच्या ऑफिसशिवाय.

आता सगळं गोड झालं असेल असं वाटत असेल तर सांगते. नाही झालं. ईशानला त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मला नाही. कारण सांगत नाहीत ते. मॅडमने ईशानचा एसे आपल्या वेबसाइटवर नमुना म्हणून लावला. मी वाचला. फक्त एक शब्द बदलला होता. पाणी आता गरम झालं होतं.

अब्बांना गाडीवरून उतरवलं. आता ते काउंटरवर भाड्याचे बूट देतात. पोरांनी घालून परत केलेले ओले बूट पुसतात. नव्या माणसाचा बर्फ काउंटरमागून बघतात. हे माझ्यामुळे. मी त्या खोलीत उभी राहिले म्हणून. अम्मी एकदा म्हणाली, गप्प बसली असतीस तर. एकदाच म्हणाली. मी त्या रात्री जेवले नाही. पण पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा उभी राहीन, हेही मला माहीत होतं.

मोठं कॉलेज म्हणजे काय, ते मला आता कळलंय. ज्या दारावरून जास्त लोक परत फिरतात ते दार मोठं. परत फिरणाऱ्यांच्या जिवावर त्या दाराचं नाव. आणि आत कोणाला घ्यायचं ते गोष्ट ऐकून ठरतं, म्हणून ज्यांच्याकडे गोष्ट नाही ते आमच्याकडून घेऊन जातात. फणसपोळी खाऊन.

हिरव्या पट्ट्यातलं एक कॉलेज मला बोलावत होतं. पैसे न देता. अब्बा म्हणाले, गावची जागा विकतो. मी नाही म्हटलं.

हॉकीत एक बरं आहे. मुलं शाळेनंतर वर्ष-दोन वर्षं खेळून मग कॉलेजात जातात, त्याचं कोणाला नवल वाटत नाही. मी एकोणीस वर्षांची आहे. सकाळी लहान मुलींना गोल अडवायला शिकवते, दुपारी अल मनखूलमध्ये एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसते. रिंकवर पाऊल ठेवलं की काउंटरवरच्या माणसाला पहिली हाक मारते. मोठ्याने. अख्ख्या मॉलला ऐकू जाईल अशी. अब्बा!

या वर्षी मी पुन्हा अर्ज करतेय. त्याच कॉलेजला. निबंध तोच. पहिलं वाक्य तेच. कॉलेजवाले माझा आणि ईशानचा कागद शेजारी ठेवून बघतील, नक्कल कोणाची ते विचारतील. विचारू देत. मी सांगेन, दोघांना बोलवा. पाणी गरम की थंड ते विचारू नका, ते आता त्यालाही पाठ झालंय. हमीदचा कुठला हात भाजलाय, ते विचारा.

आणि नाही घेतलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठवीन. एक शब्दही न बदलता.