अर्ध्यावर राहिलेलं झोपाळ्याचं गाणं

तंजावूरचे पिढीजात मराठी गुरुराज राव तिथल्या सर्व्हे ऑफिसात नकाशे काढत. शेताचा बांध, पाटाचं वळण, नारळीची बाग, सगळं जागच्या जागी, आणि खाली टाकाने लिहिलेलं अक्षर तर असं की साहेब सही करायच्या आधी दोन मिनिटं नुसते बघत बसत. पण त्या अक्षराचं खरं चीज ऑफिसात झालंच नाही. ते झालं नागस्वरमच्या, म्हणजे तिकडच्या लांब सनईच्या, कार्यक्रमांत.

तिकडचा श्रोता गप्प बसून ऐकणारा नव्हे. त्याला जो राग, जे गाणं हवं असेल ते तो कागदाच्या कपट्यावर लिहितो आणि हातोहात पुढे पाठवतो. वाजवणाऱ्यांचे दोन्ही हात वाद्यात अडकलेले, म्हणून चिठ्ठ्या जायच्या साथीला तविल हा ढोल वाजवणाऱ्याकडे. तो मधल्या वेळात त्या मोठ्यानं वाचून दाखवी. या चिठ्ठ्या अर्ध्या गावासाठी गुरुराज लिहून देत, आणि प्रत्येकीच्या तळाशी बारीक अक्षरात आपल्या वहीतली एक ओळ जोडत: हे याआधी कुठे, कोणत्या तारखेला वाजवलं. वीस-बावीस वर्षांच्या कार्यक्रमांचा क्रम त्या वहीत होता. घरातल्या मुलांचे वाढदिवस मात्र त्यांना बायकोला, अंबाला विचारावे लागत.

वहीतली बहुतेक पानं एकाच मेळाची होती. सुब्रह्मण्य आणि सांबशिव हे पापनाशमजवळचे दोघे भाऊ, आणि तविलवर रामस्वामी. एक्कावन्न साली भाऊ भांडले. कारण काय, तर मिरवणुकीत उजव्या हाताला कोणी उभं राहायचं. एवढ्यावरून बारा वर्षं तोंडं फिरवून बसले, आणि बिचारा रामस्वामी एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे असा दोन्ही घरचा जेवत राहिला. त्रेसष्ट साली थोरल्याचे पुढचे दात हलायला लागले. दात गेले की नागस्वरम गेलं. धाकटा आपण होऊन त्याच्या दारात गेला, आणि ठरलं: पाच देवळांच्या उत्सवांत पाच कार्यक्रम, तिकडच्या भाषेत कच्चेऱ्या, बरोबर करायचे आणि मग थोरल्यानं वाद्य खाली ठेवायचं. शेवटचा कार्यक्रम तंजावुरात, मेलवीथी नावाच्या रस्त्यावरच्या एका देवळापुढे.

मग काय विचारता! कॉफी क्लबात दोन तट पडले. एका तटाचे पुढारी गुरुराज. त्यांचं म्हणणं, थोरला तोडी राग वाजवतो तसा जगात कोणी वाजवत नाही, तेव्हा पाचही ठिकाणी तोडीच झाली पाहिजे, आणि तीही दोन तासांहून कमी नाही. दुसऱ्या तटाचे पुढारी शहाजीराव, शाळेतले ड्रिल मास्तर आणि गुरुराजांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांना शेवटी वाजणारी इंग्लिश नोट, ती बँडच्या चालीवरची छोटी धून, हवी असे, कारण तिच्या ठेक्यावर पाय आपटता येत.

"चार ठिकाणी तोडी झाली की रे! आणखीन किती?" शहाजीराव डबऱ्याच्या पसरट वाटीतली कॉफी उंचावरून ओतत म्हणत.

"पापनाशमला एक तास पन्नासच मिनिटं झाली," गुरुराज वही उघडत. "ती पुरी धरता येणार नाही."

"आणि नोट? चार ठिकाणी मिळून सात मिनिटं!"

"ती सातही जास्त झाली."

हे सगळं अंबा घरी ऐकत होती. तिची मागणी या दोन्ही तटांत बसणारी नव्हती. पाचव्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिनं नवऱ्यापुढे इडलीचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "चार कच्चेऱ्या झाल्या. मज काय पाहिजे ते कोणी विचारलं नाही."

गुरुराजांना ते माहीत होतं. गेली चोवीस वर्षं माहीत होतं.

एकोणचाळीस साली त्यांचं लग्न पापनाशमला अंबाच्या माहेरी झालं. तेव्हा हेच भाऊ, मिसरूड फुटलेले, वाजवायला होते. वधूवर झोपाळ्यावर बसले की त्यांना झुलवताना एक गाणं वाजवायचं असतं. अंबाच्या आईनं तिच्या घराण्यातलं झोपाळ्याचं गाणं काढलं, त्याचं पुढचं कडवं नव्या चालीत स्वतः बांधलं, आणि दोन संध्याकाळ बसवून भावांना शिकवलं. मुलीला पत्ता लागू दिला नाही. तिला ते झोपाळ्यावरच ऐकवायचं होतं. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं. आणि एकोणीस वर्षांच्या नवरदेवाला थोरल्याची फुंक ऐकून राहवेना. त्यानं लग्नपत्रिकेच्या पाठीवर चिठ्ठी लिहिली आणि करवला म्हणून शेजारी उभ्या असलेल्या शहाजीकडून पुढे पाठवली. तोडी!

नवरदेवाची इच्छा कोण मोडणार? गाणं तिथंच थांबलं आणि तोडी सुरू झाली, ती सव्वा तास. झोपाळा थांबला, सार थंड झालं, चौदा वर्षांच्या अंबाच्या पायांना मुंग्या आल्या. पुढचं कडवं राहूनच गेलं. नंतर तिनं आईला विचारलं तर आई हसून म्हणाली, "पुढल्या खेपेला ते वाजवतील तेव्हा ऐक." लग्नानंतर आठव्या महिन्यात आई गेली. ती चाल आता जगात दोनच माणसांना येत होती, आणि त्यातल्या एकाचे दात हलत होते.

"आज शेवटचं आहे," अंबा म्हणाली. "बायकांच्या बाजूनं चिठ्ठी जात नाही. तुमची जाते. अस्क्यांची, साऱ्या गावाची लिहिता, माझी एक लिहा."

"अगे, पण लोक काय म्हणतील? मी आणि झोपाळ्याचं गाणं!"

अंबानं ताट उचललं. इडली अजून एक उरली होती, हे गुरुराजांच्या ध्यानात आलं, पण मागायचा धीर झाला नाही.

दिवसभर त्यांचा टाक चालेना. एका पाटाचं वळण चुकीच्या शेतात गेलं, जे नोकरीत कधी झालं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि लोकांचीही वाटत होती, आणि यातली कुठली मोठी हे ठरत नव्हतं. शेवटी चार वाजता त्यांनी तोड काढली. आपलं अक्षर सगळं गाव ओळखतं ना? मग डाव्या हातानं लिहायचं! दार लोटून, जीभ दाताखाली धरून त्यांनी तमिळमध्ये चिठ्ठी लिहिली. अक्षरं अशी वेडीवाकडी उतरली की त्यांना स्वतःलाच वाचवेनात. नकाशाखाली मात्र त्यांनी असलं कधी काही लिहिलं नसतं. फार खूश होऊन त्यांनी ती घडी केली.

संध्याकाळी मेलवीथी माणसांनी भरली. थोरला उजवीकडे उभा होता. धाकट्यानंच त्याला तिथं उभं केलं होतं. तोडी झाली, दोन तास पाच मिनिटं. गुरुराजांच्या तटानं शहाजीरावांकडे विजयी नजरा टाकल्या. मग रामस्वामीनं तविल बाजूला घेऊन चिठ्ठ्या उघडल्या. नोट, नोट, कल्याणी, नोट. आणि मग एक चिठ्ठी त्यानं उलटी धरली, सुलटी धरली, दिव्याजवळ नेली.

"झोपाळ्याचं गाणं," तो वाचू लागला. पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. गुरुराजही हसले, जरा जास्तच. पण रामस्वामी अजून वाचतच होता. "याआधी वाजवलं: पापनाशम, अकरा जून एकोणीसशे एकोणचाळीस. अर्धं."

सवय कुठं जाते? हात बदलला होता, माणूस तोच होता. सगळी मेलवीथी गुरुराजांकडे वळून हसू लागली. शहाजीराव तर गुडघ्यावर थापा मारत होते. "डाव्या हातानं लिहिलं रे यानं! डाव्या हातानं!"

थोरला मात्र हसला नाही. त्यानं धाकट्याच्या कानात काही सांगितलं, धाकट्यानं मान हलवली, आणि दोघांनी वाद्यं ओठाला लावली. बायकांच्या बाजूला अंबा ताठ बसली. पहिलं कडवं तेच होतं, तिच्या आईच्या घरातलं, पापनाशमच्या ओसरीतलं. गुरुराजांच्या मांडीवर वही उघडी होती, पण पेन्सिल काही हलेना.

पहिलं कडवं संपलं. आणि थोरल्यानं नागस्वरम ओठांवरून काढलं. धाकटाही थांबला. थोरल्यानं गुरुराजांकडे रोखून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय हो नवरदेव? तोडी?"

पुन्हा हशा झाला, आणि मग लोक उत्तराची वाट पाहू लागले. गुरुराज उठून उभे राहिले. आपल्या तटाच्या माणसांच्या मधोमध, कान लाल झालेले. त्यांनी एकदा बायकांच्या बाजूकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"वेंडाम," ते म्हणाले, आणि मग पुन्हा, आपल्या मराठीत, अंबाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं: "नक्को. पुढचं वाजवा."