मागच्या मोकळ्या जागेतली खोली

लाकडी खुंट्या चोरीला गेल्याची तक्रार मी अख्ख्या नोकरीत एकदाच घेतली, आणि ती अजून डोक्यातून जात नाही.

नव्वदीच्या दशकात मी बेलापूरच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात होतो. एके सकाळी मूळचा साताऱ्याचा एक गृहस्थ तावातावाने आला. घर दीड खोलीचं, त्यात पोरांचा दंगा. आईला निवांत झोपता यावं म्हणून त्याला घरामागच्या मार्जिनमध्ये, म्हणजे मोकळ्या सोडायच्या जागेत, तिच्यासाठी खोली बांधायची होती. नियमात बसत नव्हती, म्हणून पालिकेकडे खास परवानगीचा अर्ज केलेला. पाहणीला साहेब यायचे म्हणून तो चुन्याने आखणी करून खुंट्या ठोकायचा, आणि ऐन वेळी खुंट्या गायब, चुना पुसलेला. दोन पाहण्या फुकट गेल्या होत्या.

संशय शेजाऱ्यावर, कारण खोलीला त्याने हरकत घेतली होती. मी एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवून शेजाऱ्याला बोलावलं. तरुण पोरगा, न्हावा शेव्याला बंदरात टेम्पररी. कायम होण्यासाठी त्याची चारित्र्य पडताळणी नेमकी आमच्याच ठाण्यात आलेली.

"हरकत का घेतलीस?"

"उजेड अडतो, साहेब."

"आणि खुंट्या?"

"मला नाही माहीत."

"तुझी पडताळणी माझ्या टेबलावर आहे, ध्यानात ठेव."

त्याने मान खाली घातली, पण तोंड उघडलं नाही. चोर सहसा बडबड करतो. हा गप्प बसला, तिथेच मला वाटलं, चोर हा नसावा.

त्या गल्लीत मासे विकणारी दिवाळे गावची एक कोळीण ठाण्यासमोर टोपली टेकवून म्हणाली, "त्या पोराला नका छळू, साहेब. म्हातारीचा बंब बगा. मी रोज तिच्या पायरीवर बसते."

तक्रार करणारा लेक कामावर असताना मी त्याच्या घरी गेलो. शेजाऱ्याच्या घराला त्या बाजूने खिडकीच नव्हती, मग उजेड कसला अडतोय, कपाळ! मोरीत पाणी तापवायचा बंब पेटलेला. राखेत अर्धी जळालेली खुंटी, टोकाला चुना.

"आजी, हे काय?"

"मीच उपटल्या. पोराला सांगू नगासा." ती खाली बसली. "आमच्या गावाकडं ज्याचं दिस भरत आलं, त्याची खाट मागल्या पडवीत टाकत्यात. माझ्या सासूची टाकली, सासऱ्याची टाकली. परत आत कुनी आलं न्हाई. आता ल्योक म्हनतो, आई, तुला मागं खोली. मला काय कळंना व्हय?"

हरकत घ्यायलाही शेजाऱ्याला तिनेच गळ घातली होती. आणि त्या पठ्ठ्याने स्वतःची नोकरी टांगणीला लावली, पण म्हातारीचं नाव घेतलं नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला.

आजीला समजावून मी लेकाला तिच्यासमोरच सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. तक्रार मिटली. पडताळणीवर मी स्वतःच्या हाताने चांगला शेरा लिहिला.

ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चाललाय, त्याला कुणी विचारलं का, हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक घरगुती तक्रारीत पहिला विचारायला लागलो. निम्मी भांडणं तिथेच संपायची.

पुढे हरकत मागे घेतली गेली, परवानगी मिळाली, खोली झाली. वास्तुशांतीला मलाही बोलावणं आलं. मागच्या खोलीत लेक-सुनेचा पलंग होता. आजीची खाट आत, नातवंडांच्या मधोमध.

चहा देताना ती हळूच म्हणाली, "मागल्या पडवीत आता ल्योक झोपतो. सकाळी त्यो परत आत येस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसतो बगा."