निळी टोपी हिरवी कुणी केली?

दिनकरच्या घरून सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. ‘भाऊजी, हे गेले. मिरचीले पाणी देऊन आले, चहा मांगतला, अन् बसल्या जागी...’ चिखलीहून खामगाव, खामगावहून नांदुरा अशा एसट्या बदलत मी वडनेर भोलजीला पोचलो, तर दिनकरच्या आधी मला त्याचा फ्लेक्सच भेटला. गावात शिरताच, पुरुषभर उंचीचा. खाली अक्षरं, ‘शत्रूचा कर्दनकाळ’. हातातली बंदूक त्याची नव्हती, छातीही त्याची नव्हती. दुसऱ्याच कुणाच्या धडावर याचं डोकं बसवलेलं. टोपी मात्र त्याच्याच फोटोतली, फक्त निळ्याची हिरवी केलेली. फ्लेक्सवाला तिथंच दोरी बांधत होता. ‘काऊन बे, रंग काऊन बदलला?’ मी विचारलं. ‘सर, निळी टोपी फौजीसारखी नाही दिसत,’ तो म्हणाला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. दिनकरनं आयुष्यात जिचा अभिमान धरला ती एकच गोष्ट, आणि ती यांना शोभेना.

आम्ही दोघं वडनेरच्या शाळेत एका बाकावर बसलेले. मी मास्तर झालो, तो फौजेत वायरलेसवर गेला. नोकरीच्या शेवटी त्याला निळ्या टोपीच्या शांतिसेनेतून आफ्रिकेतल्या एका देशात धाडलं. तिथं यादवी माजलेली. शेजारच्या तीन देशांनी आपापल्या तुकड्या देऊन एक सामायिक फौज उभी करायची, म्हणजे पुढं परक्यांची गरज पडू नये, असं ठरलं होतं. तीन देश, तीन भाषा, तीन तऱ्हेचे वायरलेस संच. आणि या तुकड्यांना एकमेकींशी बोलायला शिकवायचं काम दिनकरकडे. सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला म्हटलं, ‘तुम्ही एवढे लोक असताना शेजाऱ्यायचा हा उपद्व्याप कशाले?’ तर म्हणाला, ‘आपून तं पाहुणे. आज ना उद्या जाऊ. गंजी पेटली तं नांदुऱ्याहून बंब येईपर्यंत शेजाऱ्याचीच बादली कामी येते. पण बादली कोणाची अन् दोर कोणाचा, हे पेटायच्या आधी ठरलं पाह्यजे ना बे.’

त्याची पद्धत साधी होती. एकानं निरोप द्यायचा, दुसऱ्यानं तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, तिसऱ्यानं चूक काढायची. नुसतं ‘हो’ म्हणायला बंदी. ‘हाव हाव करणारा ऐकत नसते,’ हे त्याचं ठाम मत. घरीही हा छळ चालायचा. वहिनींनी तेल आणायला सांगितलं तरी हा परत सांगणार, आणि मी उद्या येतो म्हटलं की मला विचारणार, ‘कधी? कोणत्या गाडीनं? परत सांग.’ मी वैतागायचो.

त्या पद्धतीनं काय झालं ते मात्र ऐका. एका बाजाराच्या दिवशी दोन जमाती कोयते घेऊन जमल्याची खबर आली. नदीच्या या काठावर एका देशाची तुकडी, त्या काठावर दुसऱ्याची. निरोप गेला, परत सांगितला गेला, चूक निघाली, दुरुस्त झाली. आणि दोन्ही तुकड्या दोन्हीकडून येऊन मध्ये उभ्या राहिल्या. एक गोळी सुटली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात एक बाई भेंडी विकायला बसली. इथं येऊन दिनकर दरवेळी ‘आपल्यासारखीच भेंडी बे,’ एवढंच म्हणायचा.

आणि मग मुदत संपली. एकमेकांचा आवाज ओळखणारे ते सगळे जवान एकाच आठवड्यात आपापल्या देशी परत, दिनकरही परत. नवे आले ते एकमेकांना ओळखत नव्हते. यानं जाण्याआधी अर्ज दिला होता की जुन्यांपैकी निम्मे तरी महिनाभर नव्यांच्या शेजारी बसू द्या. एवढंच मागणं. उत्तर आलं, ‘विचाराधीन आहे.’ ते विचार करत बसले आणि दोन महिन्यांत तोच बाजार जळाला. या काठाच्या तुकडीला वाटलं त्या काठाची निघाली, त्या काठाच्या तुकडीला वाटलं या काठाची निघाली. दोघांनीही नुसतं ‘हो’ म्हटलं होतं. दिनकरच्या एका जुन्या शिष्यानं फोनवर हे कळवलं. कुणाची खुर्ची हलली नाही. शेजारी राष्ट्रांच्या सहकार्यावर भाषणं ठोकणारे अजून ठोकत असतील, खुशाल.

निवृत्त होऊन दिनकर मिरची लावू लागला, पण दिल्लीला पत्रं लिहायचं त्यानं सोडलं नाही. प्रत्येक पत्रात तेच: फौजा शिकवता तर जुन्या-नव्यांना थोडे दिवस एकत्र ठेवा. त्याचं इंग्रजी मी तपासून द्यायचो. पोच यायची, उत्तर नाही. एकदा मीच कंटाळून म्हणालो, ‘सोड ना आता. त्या बाजाराशी आपला काय संबंध?’ तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. बरोबरच केलं त्यानं.

तेरवीला शोकसभा झाली. सकाळी वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘भाऊजी, तुमी तरी खरं सांगजा. यायनं कोणाले मारलं नाही. दुसऱ्यायले मरू नाही दिलं.’ मी म्हणालो, ‘हो.’ वक्त्यांनी त्या हिरव्या टोपीखाली शत्रूचे मुडदे पाडले. माझी पाळी आली. प्रमुख पाहुणे घड्याळ पाहत होते. मी, चाळीस वर्षं वर्गात घसा फोडलेला माणूस, ‘दिनकर शूर होता’ म्हणालो आणि खाली बसलो. वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पाहिलं नाही. फ्लेक्सवाल्यानं टोपीच बदलली. मी तर जाणून होतो आणि गप्प बसलो. मला माझाच संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

म्हणून हा लेख. पाच आठवड्यांनी लिहून गेल्या रविवारी वडनेरला घेऊन गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी, खिळ्याला, ती निळी टोपी होती. मी वाचायला लागलो तर वहिनी म्हणाल्या, ‘कागद ठेवा. परत सांगा, तुमच्या शब्दांत.’ मग मी सांगितलं. नदी, दोन काठ, कोयते, मध्ये उभे राहिलेले जवान, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात वांगी विकणारी बाई...

‘वांगे नाही, भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या. ‘भेंडी.’

कागदावरही मी वांगीच लिहिली होती, तिथंच खोडून दुरुस्त केलं. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वहिनी त्या टोपीकडे पाहत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, ‘आता बरोबर. आता छापू द्या.’